पास कोणाच्या सोयीचा?

"ताई, पास काढावा का रोजचं तिकीट घ्यावं?" खंडाळा, लोणावळा आणि मावळातल्या गावांमधल्या बचत गटांच्या बैठकांत हा प्रश्न वारंवार निघतो. कर्ज, रेशन, दारू, नवऱ्याची मारहाण या विषयांच्या रांगेत तो किरकोळ वाटतो. बैठक संपता संपता, चपला घालताना कोणीतरी तो विचारते आणि आपणही उभ्या उभ्या उत्तर देऊन मोकळ्या होतो, "काढा की, स्वस्त पडतो."

मला वाटते, हे उत्तर बरोबर असले तरी अपुरे आहे. समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात कुटुंबाचा जमाखर्च कसा मांडावा हे आम्हाला शिकवले होते. त्यात प्रवासाचा एक रकाना होता. पण तो प्रवास घरातल्या कोणाचा, त्याचे पैसे कोणाच्या हातात, आणि सवलत मिळाली तर ती कोणाला, हे प्रश्न त्या तक्त्यात नव्हते. ते विचारायला बायकांनी शिकवले. म्हणून या वेळी पासाबद्दल जरा सविस्तर लिहिते आहे. विषय साधा आहे, पण बाईच्या घराबाहेर पडण्याशी त्याचा सरळ संबंध आहे.

सरळ हिशेब

ब्रिटनमध्ये वर्षाचे ठरावीक शुल्क भरून 'रेलकार्ड' घेतले की पुढच्या तिकिटांवर साधारण एक तृतीयांश सूट मिळते. जर्मनीत १९९२ साली अर्ध्या भाड्यात प्रवास करू देणारे 'बानकार्ड' निघाले. आपल्या रेल्वेत सर्वसाधारण प्रवाशासाठी असे कार्ड नाही. आपल्याकडची सवलत म्हणजे पास, मासिक किंवा तीन महिन्यांचा. सहा महिन्यांचा आणि वर्षाचाही मिळतो.

दुसऱ्या वर्गाच्या मासिक पासाची किंमत साधारणपणे पंधरा एकेरी फेऱ्यांच्या भाड्याइतकी असते. हिशेब सोपा जावा म्हणून एका फेरीचे भाडे १० रुपये धरू. मासिक पास १५० रुपयांच्या आसपास पडेल. जाऊन-येऊन रोजचे २० रुपये, म्हणजे आठव्या दिवशी पासाचे पैसे वसूल होतात. महिन्याला सव्वीस दिवस जाणाऱ्या बाईला तिकिटे काढली तर ५२० रुपये लागतील. पासामुळे ३७० रुपये वाचतील. तीन महिन्यांचा पास मासिक पासाच्या २.७ पट असतो. म्हणजे आपल्या उदाहरणात ४०५ रुपये, महिन्याला १३५.

तेव्हा नियम सोपा आहे. महिन्यात आठ किंवा त्याहून जास्त दिवस जाणे-येणे नक्की असेल तर पास काढावा. इतक्या मोठ्या सवलती आपल्या देशात गरिबाच्या वाट्याला फार कमी येतात. त्या कायम राहतीलच असेही नाही. २०१४ च्या जून महिन्यात रेल्वेने पासाची किंमत पंधराऐवजी तीस फेऱ्यांच्या हिशेबाने लावायचे ठरवले होते. मुंबईच्या लोकल प्रवाशांमध्ये एवढा संताप उसळला की काही दिवसांतच तो निर्णय मागे घ्यावा लागला. पासधारक संघटित आहेत, त्यांच्या मतांची किंमत आहे, म्हणून हे झाले. ज्यांना पास काढणे परवडतच नाही, त्यांची संघटना कुठे आहे? त्यांच्यासाठी कोण रस्त्यावर येणार?

बाईचा महिना सव्वीस दिवसांचा नसतो

आता त्या हिशेबाकडे पुन्हा पाहू. सव्वीस दिवस कामावर जाणारा माणूस कोण? ठरलेल्या वेळेला कारखान्यात किंवा कचेरीत जाणारा, महिन्याच्या ठरलेल्या तारखेला पगार घेणारा, ज्याचा डबा दुसरे कोणी भरते आणि आजारी मुलाजवळ दुसरे कोणी बसते तो. पासाची कल्पना त्याला समोर ठेवून बसवलेली आहे. नियमित प्रवास करणाऱ्याला बक्षीस, असा तिचा अर्थ आहे.

आमच्या भागातल्या बाईचे काम कसे आहे ते पाहा. मळवली, कामशेतकडून बायका लोणावळ्याला येतात आणि तिथून खंडाळ्याच्या बंगल्यांवर, हॉटेलांत जातात. बंगले बहुतेक मुंबई-पुण्याच्या मालकांचे. मालक शनिवार-रविवारी येणार, सुट्ट्यांत येणार, पावसाळ्यात पाहुण्यांना घेऊन येणार. तेव्हा झाडलोट, भांडी, स्वयंपाक, चादरी धुणे अशी सगळी कामे एकदम निघतात. एरवी आठवडाच्या आठवडा कोणी बोलावत नाही. काही जणी तळेगावच्या फुलांच्या हरितगृहांत जातात, तिथे हंगामाप्रमाणे माणसे कमी-जास्त होतात. काही जणी भाजी, करवंदे, जांभळे घेऊन बसतात. त्यांचा महिना ऋतू ठरवतो.

त्यातून घरचे खाडे वेगळे. मुलाला ताप आला, सासूला दवाखान्यात न्यायचे आहे, पाहुणे आले, लग्न निघाले, भात लावणी आली, की कामावरची बाई घरी राहते. नवऱ्याचा खाडा आजारपणाचा असतो, बाईचा खाडा घरातल्या प्रत्येकाच्या आजारपणाचा असतो. एका बैठकीत एक मावशी म्हणाल्या, "पास काढला की नेमकं पोरगं आजारी पडतं. मग पास पेटीत आन् मी घरात." सगळ्या हसल्या. पण त्या हसण्यात प्रत्येकीचा अनुभव होता.

म्हणजे होते काय, की ज्या बाईला सवलतीची गरज सर्वात जास्त, तिचाच महिना पासात बसत नाही. सहा-सात दिवस जाणारी बाई पूर्ण भाडे भरते. सव्वीस दिवस जाणारा बाबू तिच्या एक तृतीयांशाहूनही कमी भावाने प्रवास करतो. आकडे कोणाशी भेदभाव करत नाहीत असे म्हणतात. आकडे करत नसतील, पण ते कोणाचा दिवस समोर ठेवून मांडले यात भेदभाव असू शकतो.

हे केवळ आपल्याकडचे नाही. ब्रिटनमध्ये अर्धवेळ काम करणाऱ्यांत बायकांचे प्रमाण मोठे आहे. आठवड्यातून दोन-तीन दिवस प्रवास करणाऱ्यांसाठी वेगळा पास असावा अशी मागणी तिथे वर्षानुवर्षे होत होती. करोनानंतर कचेरीतले लोक घरून काम करू लागले, त्यांचाही महिना तुटका झाला. मग जून २०२१ मध्ये २८ दिवसांत कोणतेही आठ दिवस वापरता येईल असा पास निघाला. बायकांचा महिना तर आधीपासूनच तुटका होता. पुरुषांचा तुटला तेव्हा तो दिसला. तरीही या उदाहरणातून एक गोष्ट सिद्ध होते. सुटे दिवस मोजणारा पास काढणे अशक्य नाही.

एकदम पैसे कुठून आणायचे?

दुसरी अडचण रकमेची. हातावर पोट असलेल्या घरात दहा रुपये रोज निघतात, पण दीडशे रुपये एकदम निघत नाहीत. तीन महिन्यांचा पास सर्वात किफायतीचा, आणि तोच सर्वात अवघड. गरिबाला सगळेच महाग पडते याचे कारण हेच. तेल पाव किलोने, साखर पुडीने आणि प्रवास तिकिटाने. ज्याच्याजवळ साठा करायला पैसा आहे त्यालाच स्वस्ताई भेटते.

घरात एकच पास काढण्याइतके पैसे असतील तर तो कोणाचा निघतो, हेही विचारून पाहा. मी विचारते. उत्तर बहुधा एकच येते, "त्यांचा." त्यांचे काम पक्के आहे, त्यांना उशीर चालत नाही, त्यांना तपासनिसाने धरले तर इज्जत जाईल. बाईचे काम मात्र "मिळालं तर मिळालं" असे धरलेले असते, मग ती कमाई घरातल्या चुलीचा अर्धा खर्च भागवत असली तरी. म्हणून ती रोज रांगेत उभी राहते. कधी रांग मोठी असते, गाडी सुटायला आलेली असते, तेव्हा तिकिटाशिवाय चढते. पकडली गेली तर भाड्याशिवाय किमान २५० रुपये दंड. म्हणजे आपल्या उदाहरणातल्या महिन्याच्या पासाहून जास्त रक्कम एका दिवसात जाते.

याच संदर्भात एक कायदेशीर माहिती सांगून ठेवते, कारण ती फार थोड्या जणींना असते. रेल्वे कायदा, १९८९ च्या कलम १३९ प्रमाणे, सोबत पुरुष नसलेल्या बाईला तिकीट नाही म्हणून वाटेत वाटेल त्या स्टेशनवर उतरवता येत नाही. जिथून ती बसली ते स्टेशन, जंक्शन, शेवटचे स्टेशन किंवा जिल्ह्याचे मुख्य ठिकाण, इथेच आणि तेही दिवसाच उतरवता येते. दंड चुकत नाही. पण रात्रीच्या वेळी आडस्टेशनवर उतरवण्याची धमकी कोणी दिली, तर ती बेकायदेशीर आहे हे प्रत्येकीला माहीत हवे.

लोणावळ्यापुढे काय?

खंडाळ्याच्या बाबतीत आणखी एक गोम आहे. पुणे-लोणावळा लोकल १९७८ पासून धावते आणि नावाप्रमाणे लोणावळ्याला संपते. खंडाळा तीन-चार किलोमीटर पुढे, घाटाच्या तोंडाशी. खंडाळ्याला स्टेशन आहे, पण लोकल तिथवर येत नाही आणि घाटातून जाणाऱ्या बहुतेक गाड्या तिथे थांबत नाहीत. म्हणजे कामशेतहून खंडाळ्याच्या बंगल्यावर येणाऱ्या बाईचा पास लोणावळ्याला संपतो. पुढे रिक्षा, नाहीतर पाय. रिक्षाचे पैसे रेल्वेच्या भाड्याहून जास्त. पावसाळ्यात, शनिवार-रविवारी पर्यटकांच्या मोटारींनी रस्ता तुंबलेला असतो आणि रिक्षावाल्यांनाही पाहुण्यांची भाडी परवडतात. बाई मग धुक्यातून, पावसातून हमरस्त्याच्या कडेने चालत निघते.

सवलत मिळते ती प्रवासाच्या स्वस्त टप्प्यावर. महाग टप्प्यावर ती मिळत नाही. पासाचा फायदा मोजताना रेल्वेचे भाडे तेवढे मोजले, तर हे दिसत नाही. दारापासून दारापर्यंतचा खर्च मोजला, तरच दिसते.

इतिहासाची गंमत अशी, की एकेकाळी पुण्याकडून येणारी रेल्वे खंडाळ्यालाच संपत असे. १८५८ साली खंडाळा ते पुणे मार्ग सुरू झाला. बोरघाट मात्र १८६३ मध्ये पूर्ण झाला. मधली पाच वर्षे प्रवासी घाटातून पालखीत, तट्टावर किंवा पायी जात. तो घाट फोडताना १८६१ च्या सुमारास बेचाळीस हजारांच्या घरात मजूर कामावर होते. दगड-मातीची पाटी डोक्यावर वाहणाऱ्या बायाही त्यांत होत्या. रोगराईत आणि अपघातांत किती मेले त्याची धड मोजदाद नाही. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये भारतात आल्यावर थोड्याच काळात वारला, तेव्हा त्याची बायको ॲलिस हिने ते कंत्राट आपल्याकडे घेतले आणि अभियंते नेमून काम पुरे करून घेतले. एवढ्या बायकांचा हात लागलेल्या या मार्गावरून आज रोज गाड्या धडधडत जातात. कामाला निघालेल्या खंडाळ्याच्या बाईसाठी थांबणाऱ्या गाड्या मात्र बोटांवर मोजण्याइतक्या.

एसटीचे अर्धे तिकीट

कोणी म्हणेल, मग एसटीने जावे. १७ मार्च २०२३ पासून महाराष्ट्रात एसटीच्या बसमध्ये बायकांना अर्धे तिकीट सुरू झाले. या निर्णयावर टिंगल खूप झाली. "बायका आता उगीचच हिंडायला लागल्या" असे बसमध्ये, पारावर, घराघरांत ऐकू आले. मला त्या वाक्यातला "उगीच" हा शब्द महत्त्वाचा वाटतो. पुरुष हिंडतो त्याला काम म्हणतात. बाई माहेरी जाते, देवाला जाते, बहिणीला भेटते, दवाखान्यात जाते, बाजार करते, ते उगीच.

अर्ध्या तिकिटाचा मोठा गुण असा, की त्यात हिशेब नाही. एकदम पैसे भरायचे नाहीत, आठ दिवस जायलाच हवे अशी अट नाही, अर्ज नाही. बसमध्ये चढले, अर्धे पैसे दिले, झाले. महिन्यातून एकदा जाणारीलाही तेवढाच लाभ आणि रोज जाणारीलाही. तुटक्या महिन्याच्या बाईला ही सवलत बरोबर बसते.

पण रोज जाणाऱ्या बाईसाठी रेल्वेचा पास एसटीच्या अर्ध्या तिकिटापेक्षाही स्वस्त पडतो. एसटीचे भाडे २०२५ च्या जानेवारीत सुमारे पंधरा टक्क्यांनी वाढले आणि त्याचे अर्धे म्हणजे वाढलेल्याचे अर्धे. शिवाय मावळातली पुष्कळ गावे रेल्वेला जवळची आणि एसटीला दूरची आहेत. तेव्हा "एसटी की रेल्वे" हा प्रश्न दोन सरकारांच्या योजनांच्या स्पर्धेसारखा न मांडता आपण असा मांडला पाहिजे, की एसटीने जो विचार केला तो रेल्वे का करत नाही? रेल्वेत बायकांना स्वतंत्र डबा आहे. मुंबईत १९९२ साली चर्चगेट-बोरिवली अशी अख्खी महिला विशेष गाडी सुरू झाली. म्हणजे बाई वेगळी प्रवासी आहे हे रेल्वेला मान्य आहे. तिची मिळकत वेगळी आहे, हे अजून मान्य व्हायचे आहे. उलट अठ्ठावन्न वर्षांवरच्या बायकांना लांबच्या प्रवासात मिळणारी निम्म्या भाड्याची सवलत २०२० च्या मार्चमध्ये काढून घेतली गेली.

'इज्जत' नावाची योजना

गरिबांसाठी रेल्वेने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. २००९ मध्ये 'इज्जत' नावाचा मासिक पास सुरू झाला. किंमत फक्त २५ रुपये, आणि असंघटित क्षेत्रातल्या कामगारांसाठी. नाव चांगले, हेतू चांगला. अट अशी, की महिन्याचे उत्पन्न १५०० रुपयांपेक्षा जास्त नसावे. म्हणजे दिवसाला ५० रुपये. त्याचा दाखला आणायचा.

जी बाई रोज रेल्वेने कामाला जाते, तिला दिवसाला पन्नास रुपयांपेक्षा कमी मिळत असतील तर ती जाईलच कशाला? २०२४ मध्ये राज्य सरकारने 'लाडकी बहीण' योजना आणली तेव्हा महिन्याला १५०० रुपये हा आधार ठरवला. एकीकडे जो आकडा 'मदत' म्हणून ठरतो, तोच दुसरीकडे अख्ख्या महिन्याच्या उत्पन्नाची मर्यादा म्हणून लिहिलेला. शिवाय दाखला मिळवायला तालुक्याला खेटे घालायचे, म्हणजे तितके दिवस मजुरी बुडवायची. ज्या योजनेचा लाभ घ्यायला बाईला चार खाडे करावे लागतात, ती योजना कागदावर कितीही स्वस्त असो, तिला महागच पडते.

मुलींचा मोफत पास

एक सवलत मात्र अशी आहे जिचा प्रचार आपण घरोघर केला पाहिजे. २००८ च्या रेल्वे अर्थसंकल्पात मुलींना पदवीपर्यंत आणि मुलांना बारावीपर्यंत, घर ते शाळा-महाविद्यालय, दुसऱ्या वर्गाचा मासिक पास मोफत करण्यात आला. इथे मुलीला मुलापेक्षा तीन वर्षे जास्त दिली आहेत. शाळा-महाविद्यालयातून सवलतीचा अर्ज भरून, सही-शिक्का घेऊन तो स्टेशनवर द्यायचा असतो.

मावळात दहावी-बारावीनंतर मुलगी घरी बसते त्याची कारणे सगळ्यांना ठाऊक आहेत. लांब पडते, खर्च होतो, उशीर होतो, लोक काय म्हणतील. यांतले खर्चाचे कारण हा पास खोडून काढतो. मग आईबापांना उरलेली कारणे उघडपणे बोलावी लागतात आणि त्यांच्याशी वाद घालता येतो. मी पाहिले आहे, "पैसे नाहीत" म्हणणारा बाप "पास फुकट आहे" हे कळल्यावर गप्प होतो. क्वचित मुलीला पाठवतोही. म्हणून प्रत्येक गटाने जूनमध्ये, प्रवेशाच्या दिवसांत, गावातल्या मुलींची यादी करावी आणि त्यांचे अर्ज भरून घ्यावेत. यात आंदोलन नाही, भाषण नाही. पण चार मुली कॉलेजला गेल्या तर गावाची हवा बदलते.

हिशेबापलीकडचा पास

इथवर मी पैशांचेच बोलले. पण आमच्या कार्यकर्त्या मैत्रिणींमध्ये पासावरून एक वेगळा वाद होतो. एक मैत्रीण म्हणते, पास ही बेडी आहे. पैसे भरले म्हणून बाई तापातही कामावर जाते, "पास वाया जाईल" असे घरचेच म्हणतात. बाईचे दुखणे अंगावर काढण्याला पास हे आणखी एक निमित्त.

तिचे म्हणणे खोटे नाही. तरीही मी त्याच्याशी सहमत नाही. तिकीट एका कामासाठी असते. ते काढताना बाईला मनातल्या मनात का होईना, उत्तर द्यावे लागते की कशासाठी, कोणाकडे, एवढे पैसे का. पास असला की हा प्रश्न महिन्यातून एकदाच येतो. मग ती कामावरून येताना वाटेत वडगावला उतरून पंचायत समितीत चौकशी करू शकते. बहिणीकडे डोकावू शकते. आमच्या बैठकीला येऊ शकते. एका बाईने मला सांगितले, की कामाचा पास होता म्हणूनच ती नवऱ्याला न विचारता दवाखान्यात जाऊन आली. घरात हिशेब विचारतात, पण पासाचा हिशेब दिवसागणिक विचारता येत नाही. ज्या घरात बाईच्या हातात सुटे दहा रुपयेही मोजून पडतात, तिथे हे लहान स्वातंत्र्य नाही.

पासावर तिचे नाव असते, तो दुसऱ्याला चालत नाही. घरातल्या रेशनकार्डावर, सातबाऱ्यावर, वीजबिलावर तिचे नाव शोधावे लागते. जिच्या नावावर घरात काहीच नाही, तिच्या नावाचा हा एक कागद आहे आणि तो तिला बाहेर जायला मोकळीक देतो. म्हणून "पास काढावा का" या प्रश्नाला माझे उत्तर केवळ आठव्या दिवसाच्या हिशेबाचे नाही. सात दिवस जाणारी बाई असेल आणि आठव्या दिवशी ती स्वतःच्या कामाला कुठे जाऊ शकत असेल, तर तिनेही पास काढावा असे मी म्हणेन.

आपण काय करावे

काही गोष्टी आपल्या हातातल्या आहेत. बचत गटांनी पासासाठी छोटी, बिनव्याजी उचल द्यावी. तीन महिन्यांचा पास एकदम काढून द्यावा आणि परतफेड आठवड्याने घ्यावी. गटाने कोंबड्यांसाठी, शिलाई मशीनसाठी कर्ज दिले तर ते उत्पादक मानले जाते. कामावर जाण्याचा खर्च उत्पादक नाही काय? ज्यांना मोबाईलवरून पास काढता येतो त्यांनी इतर जणींना शिकवावे, कारण खिडकीवरच्या रांगेत अर्ध्या दिवसाची मजुरी जाते. पासाबरोबर ओळखपत्र जवळ ठेवण्याची आणि मुदतीची तारीख पाहण्याची सवय लावावी. मुदत संपलेला पास म्हणजे विनातिकीट प्रवास.

दुसरे, बंगल्यांच्या आणि हॉटेलांच्या मालकांकडे पासाचे आणि रिक्षाचे पैसे पगाराव्यतिरिक्त मागावेत. महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ साली झाला. त्या मंडळाकडेही नोंदणी झालेल्या घरकामगारांना प्रवासासाठी अर्थसाह्य मिळावे अशी मागणी संघटनांनी लावून धरावी. कचेरीतल्या साहेबाला प्रवासभत्ता मिळतो. त्याच्या बंगल्यावरची भांडी घासायला येणारीला का नाही?

तिसरे, रेल्वेकडे मागण्या. महिन्यातले कोणतेही दहा दिवस वापरता येईल असा पास निघावा. 'इज्जत'सारख्या योजनेतली उत्पन्नाची अट किमान वेतनाशी जोडावी आणि घरकामगार म्हणून झालेली नोंदणी हाच दाखला मानावा. आणि खंडाळ्याला सकाळ-संध्याकाळ कामाच्या वेळेला थांबणारी एक तरी गाडी असावी. ते होईपर्यंत लोणावळा स्टेशन ते खंडाळा अशी बस ठरल्या वेळेला सुटावी, ही मागणी आपल्या नगर परिषदेकडे करता येईल. खंडाळा त्याच नगर परिषदेत आहे आणि तिथे आपल्या बायकांसाठी राखीव जागाही आहेत. निवडून गेलेल्या बहिणींना हे काम सांगायला संकोच करू नये.

मैत्रिणींनो, पुढच्या वेळी बैठक संपताना कोणी चपला घालता घालता पासाचे विचारले, तर तिला पुन्हा खाली बसवा. तिच्या महिन्याचे दिवस तिच्याकडूनच मोजून घ्या, कामाचे, खाड्याचे आणि तिच्या स्वतःच्या मनाचे. मग उत्तर द्या. आणि प्रत्येक गटाने हे दिवस एका वहीत लिहून ठेवले, तर रेल्वेपुढे मागणी मांडताना आपल्या हाती नुसती तक्रार नसेल, हिशेब असेल.